घरच्या सिस्टीमचा इक्यू: किती मशीनवर सोडायचा आणि किती हाताने करायचा

आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या घरात खाली जुना सोपा आहे, वर कडीपाट, भिंती दगड-मातीच्या चांगल्या जाड, आणि तिथं सिस्टीम कित्येक वर्षं इतकी छान वाजायची की कुणी इक्यूच्या (इक्वलायझर, म्हणजे कुठला सूर किती वाढवायचा-कमी करायचा ते) मेनूत कधी गेलंच नाही. मग वर स्लॅबची खोली बांधली, सोळा फूट बाय अकरा फूट, उंची दहा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. तेच स्पीकर, तोच सबवुफर, तोच रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) वर नेला, आणि पहिल्याच सकाळी आण्णा (माझे वडील, रोज सकाळी सहाला ख्याल ऐकल्याशिवाय चहा पीत नाहीत) म्हणाले, "तंबोऱ्याला काय झालंय रे? खर्ज नुसता घुमायलाय आणि जोड कुठं गेलाय काय कळंना." (खर्ज म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार, जोड म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा.)

मी रिसीव्हरबरोबर आलेला माइक काढला, सोफ्याच्या पाठीवर ठेवला, ऑटो सेटअप चालू केला, चार-पाच मिनिटं सगळे स्पीकर आळीपाळीने आवाज करत राहिले, शेवटी स्क्रीनवर झालं म्हणून आलं. ऐकलं तर खर्ज थोडा आवरला होता, पण जोड होता तिथंच, आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र पातळ होऊन टोचायला लागला. त्यानंतरचे चार रविवार मी या एकाच कामात घातले. टेप घेऊन मापं काढली, पुन्हा पुन्हा ऑटो चालवलं, लॅपटॉप आणि मेजरमेंट माइक लावून हाताने फिल्टर टाकले (म्हणजे ठराविक सूर तेवढे कमी केले), आणि आता खोली जागेवर आलीय. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहितोय, म्हणजे तुम्हाला चार रविवार लागणार नाहीत, एक दुपार बास होईल.

आधी मुद्दा सांगतो. ऑटो चांगलं की हाताने चांगलं असं लोक भांडत बसतात, पण ही दोन वेगवेगळी कामं आहेत. मोजायचं काम मशीनने करावं, स्पीकर किती अंतरावर, कुणाचा आवाज किती, सबवुफर किती मिलिसेकंद उशिरा पोचतोय, हे ते आपल्या कानापेक्षा शंभरपट नीट करतं. पण ग्राफमधला कुठला खड्डा इक्यूने भरणारा आहे आणि कुठला सोफा किंवा स्पीकर सरकवल्याशिवाय जाणार नाही, हे बऱ्याच ऑटो सिस्टीम ओळखत नाहीत, खड्डा दिसला की भरायला जातात. ते ठरवायचं काम आपलं. आणि हे सगळं साधारण दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या (सूर किती खालचा-वरचा ते सांगणारं माप) खालीच, त्याच्या वर शक्यतो हात लावायचा नाही. का ते पुढं येतंय.

खोली नेमकं काय करते बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठराविक सूर अडकतात, पुढं-मागं जाऊन स्वतःवरच चढतात, आणि तेवढेच सूर फुगतात. कुठले ते काढायला कॅल्क्युलेटर पुरतो: ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं हे निम्मं. माझी लांबी सोळा फूट, म्हणजे ३५ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ७१. रुंदी अकरा, म्हणजे ५१ आणि १०३. उंची दहा, म्हणजे ५६ आणि ११३. आता तंबोरा काळी एकला लावलेला असेल तर जोडाचा षड्ज येतो १३९ हर्ट्झच्या आसपास, पंचम १०४ ला आणि खर्ज ६९ ला. म्हणजे माझी खोली बरोबर खर्जावर आणि पंचमावर फुगत होती. एरवी तंबोऱ्यात खर्जाचा मूळ सूर तसा दबलेलाच असतो, सगळी मजा त्यातून वर उमलणाऱ्या स्वरांची, पण खोलीनेच त्याला उचलून धरलं तर तो बाकीच्यांना झाकून टाकतो. आण्णांनी कसलंही यंत्र न लावता दोन सेकंदात जे सांगितलं ते हेच होतं. तबल्यातल्या डग्ग्याचंही तेच, प्रत्येक घुमारा एकाच सुराचा वाटायला लागला की समजा खोली बोलतीय. खाली सोप्यात हे होत नव्हतं, कारण लाकडी कडीपाट थोडा थोडा हलतो आणि बास पिऊन टाकतो. स्लॅब काहीच पीत नाही, सगळं परत फेकतो. तुमचा फ्लॅट राजारामपुरीत असो नाहीतर ताराबाई पार्कात, आरसीसी आणि टाइल्स असतील तर ही गोष्ट तुम्हालाही लागू आहे, फक्त आकडे तुमच्या खोलीचे काढा. लांबी-रुंदी सारखी असलेली चौकोनी खोली असेल तर आणखी त्रास, कारण दोन भिंतींचे आकडे एकमेकांवर पडतात आणि एकच सूर डबल फुगतो.

म्हणून कुठलंही बटण दाबायच्या आधी सोफा बघायचा. आमच्याकडं सोफा म्हटलं की तो भिंतीला टेकलेलाच असतो, आणि भिंतीलगत प्रत्येक अडकलेला सूर सगळ्यात मोठा ऐकू येतो. माझा तसाच होता, मोजलं तेव्हा ७१ हर्ट्झचा डोंगर बाकीच्या बासपेक्षा १२ डेसिबल वर. आधी मी उत्साहात सोफा चार फूट पुढं घेतला आणि खर्ज पूर्ण गायबच झाला, कारण सोळा फुटांचा पाव भाग म्हणजे चार फूट, तिथं त्या सुराचा दाब शून्याच्या जवळ असतो. मग अर्धा-अर्धा फूट मागं सरकवत गेलो आणि अडीच फुटांवर येऊन थांबलो, तिथं तो डोंगर ७ डेसिबलवर आला. पाच डेसिबल नुसतं सोफा सरकवून गेले, त्याला ना पैसे लागले ना फिल्टर. खोली लहान आहे, एवढी जागा नाही, हे मला मान्य आहे, पण एक फूट जरी सोडता आला तरी सोडा, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथं लांबीचा पहिला सूर पार पडतो आणि दुसरा चढतो.

आता जोड कुठं गेला होता ते. हे मला कळायला तिसरा रविवार उजाडला. स्पीकरमधून निघालेला आवाज पुढं येतो तसा स्पीकरच्या मागच्या भिंतीवर आपटूनही येतो, आणि एका ठराविक सुराला हे दोन्ही उलटसुलट होऊन एकमेकांना खातात. त्याचा हिशेब: २८२ ला वुफरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. माझं अंतर दोन फूट, म्हणजे १४१ हर्ट्झ, आणि जोडाचा षड्ज १३९. बरोबर तिथंच खड्डा पडला होता. रिसीव्हरच्या ऑटोने तो खड्डा बघितला आणि तिथं आवाज वाढवला, पण तुम्ही जेवढा जास्त पाठवाल तेवढाच जास्त भिंतीवरून परत येऊन त्याला खातो, खड्डा तसाच राहतो. वर ॲम्प्लिफायरला मात्र काम लागतं, कारण ३ डेसिबल वाढवायला दुप्पट पॉवर लागते, ६ ला चौपट आणि १० ला दहापट. त्यामुळं खड्डा इक्यूने भरायचा नाही, हे एकदा डोक्यात पक्कं करून ठेवा. मी स्पीकर मागं ढकलले, वुफरचं तोंड भिंतीपासून एक फुटावर आणलं, खड्डा १४१ वरून वर सरकून २८२ च्या आसपास गेला, तिथं तो गादी-पडद्यानेही थोडा मऊ करता येतो. गादीवाल्याकडून चार इंच जाडीची कापसाची गादी शिवून घेतली आणि स्पीकरच्या मागं उभी केली. स्पीकर भिंतीजवळ गेल्याने एकूण बास वाढतो, पण वाढलेला बास कापणं सोपं असतं, नसलेला आणणं अवघड.

काही जण भिंतीवर घोंगडं नाहीतर जाड पडदा लावून बास कमी होईल असं समजतात. तसं होत नाही. त्याने टाळी वाजवल्यावरचा खणखणाट जातो, वरचे सूर मऊ होतात, टाइल्सच्या खोलीत तेही हवंच असतं, पण ७० हर्ट्झच्या लाटेची लांबी सोळा फूट असते, तिला घोंगडं काय करणार.

सबवुफरची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे, वाटायला विचित्र वाटते पण चालते. सबवुफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथं ठेवायचा, बासचा एखादा तुकडा परत परत लावायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचं. जिथं बास सगळ्यात एकसारखा आणि स्वच्छ वाटेल तिथं सबवुफर ठेवायचा.

एवढं झाल्यावर ऑटो सेटअप. डेनॉन-मरांट्झ असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी, काही महागड्या मॉडेलमध्ये डिराक, नावं वेगळी पण काम करायची पद्धत जवळपास एकच. पहिल्या वेळी माझं चुकलं ते माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला इथं. सोफ्याची पाठ माइकला एवढी जवळ की तिच्यावर आपटून आलेला आवाज त्यात मिसळला, आणि वरच्या सुरांचं मोजमाप बिघडलं. माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावा, आपण बसल्यावर कान जिथं येतो त्या उंचीला, टोक छताकडं. स्टँड नसेल तर कुणाकडून तरी दोन तासांसाठी मागून आणा, हातात धरून मोजू नका. पहिलं माप मुख्य जागेवर घ्या, कारण ऑडिसीसारख्या सिस्टीममध्ये अंतर आणि आवाजाची पातळी त्या पहिल्याच मापावरून ठरते. बाकीची मापं त्याच्या भोवती फूट-दीड फुटात घ्या, डावीकडं, उजवीकडं, जरा पुढं, जरा वर. खोलीच्या चारी कोपऱ्यांत माइक फिरवू नका. मशीन सगळ्या मापांचा मिळून विचार करतं, आणि जिथं कुणी बसतच नाही त्या जागेचं माप घेऊन तुमच्या बसायच्या जागेचं नुकसान होतं.

पंखा बंद, एसी बंद, शेजारच्या खोलीतला फ्रीजसुद्धा दहा मिनिटं बंद ठेवला तर बरं. पेठेत शांतता मिळणं हे वेगळंच काम आहे, सकाळी भाजीवाले, संध्याकाळी रिक्षा आणि पोरं, आणि जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस. मला दुपारी दोन ते चारची वेळ सापडली, सगळी गल्ली झोपलेली असते. गणपतीच्या दिवसांत तर प्रयत्नच करू नका, लांबच्या मिरवणुकीतला बाससुद्धा माइक पकडतो आणि तो तुमच्या सबवुफरच्या नावावर लागतो. सबवुफरच्या मागचा व्हॉल्यूम सुरुवातीला मध्यावर ठेवा, त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर (कुठल्या सुराच्या खालचं काम सबवुफरने करायचं ती सीमा) असेल तर तो सगळ्यात वर नाहीतर बायपासवर.

मोजून झालं की लगेच गाणं लावू नका, मशीनने काय लिहून ठेवलंय ते आधी बघा. सबवुफरची पातळी जर अगदी खालच्या टोकाला, उणे १२ ला जाऊन बसली असेल तर त्याचा अर्थ सबवुफर मुळातच मोठा होता आणि मशीनची दोरी संपली, मागचं बटण कमी करून पुन्हा चालवा. स्पीकर 'लार्ज' लिहिले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवा, बहुतेक घरगुती स्पीकरना हे मानवतं आणि खालचं जड काम सबवुफरकडं जातं. सबवुफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसेल, माझं टेपने नऊ फूट होतं आणि मशीनने चौदा लिहिलं. ते चुकलेलं नाही, दुरुस्त करायला जाऊ नका. सबवुफरच्या आतल्या सर्किटमुळं आवाज उशिरा निघतो आणि मशीन तो उशीर फुटात लिहितं, एक मिलिसेकंद म्हणजे साधारण एक फूट.

आता ऑटोने केलेल्या इक्यूला कुठं थांबवायचं. प्रत्येक खोलीत एक अशी जागा असते की तिच्या खाली खोली राज्य करते आणि वर स्पीकर. माझ्या खोलीत हिशेबाने ती २०० हर्ट्झच्या आसपास येते, घरातल्या नेहमीच्या खोल्यांत दोनशे ते तीनशेच्या दरम्यान. खाली माइकला जे ऐकू येतं तेच आपल्याला ऐकू येतं. वर तसं नसतं, माइक स्पीकरमधून थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज सगळा एकत्र गोळा करून एक रेघ काढतो, आपला कान मात्र थेट आलेला आवाज वेगळा धरतो आणि त्यावरून स्वर ओळखतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी या विषयावर आयुष्यभर काम केलंय आणि त्यांचं सांगणं हेच आहे, की चांगला स्पीकर असेल तर वरचा भाग माइकच्या रेघेवरून सरळ करायला जाऊ नका. माझ्याकडं आवाज पातळ झाला तो याच्यामुळंच. शिवाय ऑडिसीच्या नेहमीच्या कर्व्हमध्ये २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडा खोलगट भाग ठेवलेला असतो, काही स्पीकरना तो बरा वाटतो, काहींचा गळा दाबल्यासारखा होतो.

थांबवायचं कसं हे मशीनवर आहे. ऑडिसीचं मोबाइलचं पैसे देऊन घ्यायचं ॲप आहे, त्यात प्रत्येक स्पीकरला कुठपर्यंत सुधारायचं ती मर्यादा घालता येते आणि तो २ किलोहर्ट्झचा खोलगटपणाही काढता येतो. डिराकमध्ये ग्राफवर दोन पडदे असतात, ते ओढून आणायचे, त्यांच्या मधल्या भागातच सुधारणा होते. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ऑटोचा निकाल मॅन्युअलमध्ये कॉपी करता येतो आणि मग एकेक बँड हाताने बदलता येतो. यातलं काहीच नसेल तर ऑडिसीत 'एल/आर बायपास' नावाचा पर्याय बघा, पुढचे दोन स्पीकर मोकळे राहतात आणि बाकीच्यांवर सुधारणा चालू राहते.

मग उरतं हाताचं काम, आणि खरं समाधान इथं मिळतं. फुकटात करायचं असेल तर मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या, स्पीकरला जोडा, आवाज मध्यम ठेवा, ३० हर्ट्झपासून ५-५ ने २०० पर्यंत जा, मुख्य जागेवर बसून वहीत लिहा की कुठला सूर उडी मारतोय आणि कुठला बुडतोय. वर सांगितलेल्या ५६५ च्या हिशेबाशी ताडून बघा, मोठे डोंगर बहुतेक तिथंच सापडतील. मोबाइलचा माइक घेऊन बास मोजायला जाऊ नका, बऱ्याच फोनमध्ये खालचे सूर मुद्दाम कापलेले असतात, आणि तुम्हाला बास कमी आहे असं खोटंच दिसेल.

नीट करायचं असेल तर यूएसबी मेजरमेंट माइक घ्या, मिनीडीएसपीचा उमिक-१ बरेच जण वापरतात, त्याच्या सीरियल नंबरप्रमाणे त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल मिळते, ती डाउनलोड करून लावायला विसरू नका. चार मित्रांत मिळून एक घेतला तरी चालतो, रोज लागणारी वस्तू नाही. सॉफ्टवेअर रूम इक्यू विझार्ड, जॉन मलकाही यांनी बनवलेलं, मोफत आहे, सगळे त्याला आरईडब्ल्यू म्हणतात. डावा स्पीकर वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्ही सबवुफरसकट, असा २० ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्या, आवाज ७५ डेसिबलच्या आसपास. डोकं असतं त्या जागेच्या आजूबाजूला पाच-सहा मापं घ्या आणि त्यांची सरासरी काढा. जे डोंगर सगळ्या मापांत दिसतात तेच खरे. एका मापात दिसून दुसऱ्यात गायब होणारे सोडून द्या, त्यांच्यामागं लागलात तर डोकं चार इंच हललं की सगळं बदलेल.

माझ्या सरासरीत तीन डोंगर उरले होते. ५१ ला ४ डेसिबल, ७१ ला ७, १०३ ला ५. पॅरामेट्रिक फिल्टरला तीन गोष्टी सांगायच्या असतात, कुठं, किती आणि किती रुंद. रुंदीला क्यू म्हणतात, क्यू वाढला की फिल्टर अरुंद होतो, ७१ ला क्यू ६ म्हणजे साधारण १२ हर्ट्झची पट्टी. मी पहिल्यांदा ७१ ला उणे ७, क्यू ३ टाकला आणि सगळा बासच बसल्यासारखा झाला, कारण पट्टी रुंद पडली आणि आजूबाजूचे निर्दोष सूरही कापले गेले. क्यू ६ केला, उणे ६ केलं, तंबोरा लावला, आणि खर्जाची तार छेडल्यावर जो 'हूं' करून लांबत जाणारा घुमारा होता तो आखडून आला, त्याच्यामागून जोडाचे वरचे स्वर उमलताना ऐकू यायला लागले. डोंगर कापला की तो सूर खोलीत रेंगाळायचाही कमी होतो, निदान ज्या जागेवर मोजलं त्या जागेवर. मग १०३ ला उणे ४ क्यू ६, ५१ ला उणे ३ क्यू ५. तीनच फिल्टर, सगळे कापणारे, वाढवणारा एकही नाही. आरईडब्ल्यूला फिल्टर आपोआप काढायला सांगता येतात, तेव्हा वाढवायची मर्यादा शून्यावर आणि रेंज २०० पर्यंत ठेवा, नाहीतर ते वीस-वीस फिल्टर टाकून रेघ आरशासारखी करतं आणि ऐकायला मेलेलं वाटतं. रेघ पूर्ण आडवी करायचा हट्टही सोडा, खालचा भाग वरच्यापेक्षा थोडा उचललेला बहुतेकांना नैसर्गिक वाटतो.

हे फिल्टर टाकायचे कुठं, तर रिसीव्हरमध्ये मॅन्युअल पॅरामेट्रिक असेल तर तिथं. कॉम्प्युटरवरून ऐकत असाल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे, आरईडब्ल्यूतून फाइल थेट त्यात जाते. विमसारख्या स्ट्रीमरमध्येही (इंटरनेटवरचं गाणं सिस्टीमला देणारी डबी) पॅरामेट्रिक इक्यू मिळतो. आणि सबवुफरच्या वायरमध्ये मिनीडीएसपीची छोटी डबी टाकली तर कुठल्याही जुन्या सिस्टीमवर हे जमतं, फक्त तेव्हा फिल्टर सबवुफरपुरतेच लागू होतात, जे बऱ्याचदा पुरेसं असतं. ग्राफिक इक्वलायझर, ते उभ्या खटक्यांचं, या कामाला उपयोगी नाही. त्यात ६३ चा खटका आणि थेट १२५ चा, ७१ चा डोंगर कापायला ६३ खाली ओढला तर पन्नासपासून ऐंशी-नव्वदपर्यंत सगळं खाली येतं.

एकदा इक्यू टाकल्यावर चालू-बंद करून तुलना करताना लोक हमखास फसतात. जे जरा मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं, एक डेसिबलचा फरक असला तरी. फिल्टर कापणारे असल्यामुळं इक्यू चालू केला की आवाज थोडा उतरतो आणि वाटतं जान गेली. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, आणि बटण दुसऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडं बायको रिमोट घेऊन मागं उभी राहिली, नुसता ऑटो आणि हाताने केलेला यातला कुठला चालू आहे ते न सांगता बदलत राहिली, आण्णा डोळे मिटून बसले. आठ वेळा बदललं, आठही वेळा त्यांनी हाताने केलेला ओळखला आणि तोच ठेवायला सांगितला. नुसत्या ऑटोबद्दल म्हणाले, "गाणारा जवळ आलाय, पण तंबोरा त्याच्या मागं बसलेला नाही, शेजारच्या खोलीत बसलाय." तुमच्या कानालाही असा एखादा आधार हवा. देवल क्लबात (आमच्याकडची जुनी संगीत संस्था) नाहीतर कुठंही बिनमाइकची बैठक असेल तर एकदा पुढं बसून तंबोरा ऐकून या. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते त्या गावात राहून आपण तंबोरा फक्त फोनवर ऐकावा हे बरं नाही, आणि इक्यू करताना ती आठवण कुठल्याही ग्राफपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रात्री हळू आवाजात ऐकताना बास कमी वाटतो, तो खोलीचा दोष नाही, आपला कानच तसा आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यासाठी फिल्टर बदलू नका, रिसीव्हरमधलं डायनॅमिक इक्यू नाहीतर लाउडनेसचं बटण त्याच कामासाठी असतं, रात्री चालू, दिवसा बंद.

घरात पाच-सहा जण मिळून पिक्चर बघत असतील, सगळ्या सोफ्यांवर बरं ऐकू यावं एवढंच हवं असेल, तर ऑटो चालवा, मशीनने काय लिहून ठेवलंय ते वर सांगितल्याप्रमाणे तपासा आणि थांबा, हाताने एका खुर्चीसाठी केलेले अरुंद फिल्टर बाकीच्यांना त्रासच देतील. एकटा माणूस एका जागेवर बसून गाणं ऐकतो अशा घरात मात्र हाताने केलेलंच ठेवावं. दोन्ही होत असेल तर मेमरीत दोन प्रीसेट करून ठेवा, आम्ही तसंच केलंय, एक पिक्चरचा, एक आण्णांचा.

सगळे आकडे कागदावर लिहून रिसीव्हरच्या खाली ठेवा. कधी रीसेट करावा लागला की मेमरी पुसली जाते आणि सगळं पुन्हा मोजत बसावं लागतं. आणि सोफ्याच्या चारी पायांपाशी टाइल्सवर रंगीत टेपचे तुकडे चिकटवा. आमच्याकडं गेल्या दिवाळीच्या साफसफाईत सोफा परत भिंतीला गेला होता, सकाळी तंबोरा लागला आणि आण्णांनी डोळे न उघडताच विचारलं, "सोफा कुणी सरकवलाय?"